खाडीकाठच्या हवेत टिकतील अशा देखण्या पेपरबॅक कशा जमवाव्यात

ठाण्यात किंवा नवी मुंबईत अभिजात कादंबऱ्यांच्या पेपरबॅक आवृत्त्या जमवायच्या असतील, तर आधी बांधणी बघा, मग कागद आणि शेवटी मुखपृष्ठ. इथे जून ते सप्टेंबर ओलावा बंद कपाटातही शिरतो, आणि कच्च्या बांधणीची प्रत कितीही देखणी असली तरी काही पावसाळ्यांत पानं सोडायला लागते.

दुकानात पुस्तक हातात घेतलं की कण्याच्या वरच्या टोकाकडे नीट बघा. घडी घातलेले फर्मे (एकत्र दुमडलेल्या पानांचे गठ्ठे) वेगवेगळे दिसत असतील आणि फर्म्याच्या मधोमध दोरा दिसत असेल, तर पुस्तक शिवलेलं आहे. अशी प्रत थोडी महाग असली तरी घ्यावी. बहुतेक पेपरबॅक मात्र परफेक्ट बायंडिंगच्या असतात. त्यात फर्म्याची घडी कापून, कण्याची कड खरवडून गरम गोंदाने चिकटवतात. ही बांधणीही चांगली होऊ शकते. पुस्तक मध्यावर हळूच उघडा. गोंदाला तडा दिसला किंवा एखादं पान बाकीच्यांपेक्षा पुढे सरकलेलं दिसलं तर दुसरी प्रत मागा.

कागदाच्या तंतूंची दिशाही बघायला हवी, आणि नेमकी तीच बहुतेक जण बघत नाहीत. तंतू कण्याला समांतर असतील तर पानं मऊपणे उलटतात आणि खाली पडून राहतात. आडवे असतील तर पानं ताठ उभी राहतात. तंतू ओलाव्याने रुंदीत फुगतो. आडव्या तंतूंच्या पानाला कण्याशी फुगायला जागा नसते, म्हणून पावसाळ्यात तिथे लाटा उठतात. त्यावर इलाज नाही. पांढरा किंवा फिकट पिवळसर मॅपलिथो (पुस्तकछपाईचा न चमकणारा कागद), साधारण 70 जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला 70 ग्रॅम वजनाचा, उत्तम. न्यूजप्रिंटमध्ये, म्हणजे वर्तमानपत्राच्या कागदात, लिग्निन हा लाकडातला घटक असतो, त्यामुळे तो उजेडात लवकर पिवळा आणि ठिसूळ होतो.

संग्रहाला रूप येतं ते एका मालिकेला धरून राहिल्याने. इंग्रजीत 2012 पासून निघालेली ‘पेंग्विन इंग्लिश लायब्ररी’ सुरुवातीला चांगली: नक्षीची मुखपृष्ठं, आणि शेल्फवर ओळीत लावल्यावर कणेही शोभतात. जुन्या नारिंगी पेंग्विन हव्या असतील तर त्यांचा आकार लहान, साधारण 11 बाय 18 सेंटीमीटर. आजच्या बहुतेक पेपरबॅक 13 बाय 20 च्या आसपास असतात. दोन्ही एकाच रांगेत कोंबू नका. मराठीत मालिकेपेक्षा मुखपृष्ठकार धरून जमवणं जास्त आनंदाचं आहे: दीनानाथ दलाल, बाळ ठाकूर, वसंत सरवटे, सुभाष अवचट. मात्र नव्या आवृत्तीत मुखपृष्ठ बदललेलं असू शकतं, म्हणून मागवण्याआधी नेमक्या त्याच प्रतीचा फोटो मागा.

श्रेयपान वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. मराठी पुस्तकात ‘आवृत्ती’ आणि ‘पुनर्मुद्रण’ यांची वर्षं वेगळी दिलेली असतात. इंग्रजी पुस्तकात ‘10 9 8 7…’ अशी आकड्यांची ओळ असेल तर तिच्यातला सर्वांत लहान आकडा बहुधा मुद्रणाचा क्रमांक असतो. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो आणि मग कुणीही ती कादंबरी छापू शकतो. त्यामुळे अनुवादित कादंबरीवर अनुवादकाचं नावच नसेल, किंवा इतर आवृत्त्यांपेक्षा पानं फारच कमी असतील, तर ती बाजूला ठेवा. ‘संक्षिप्त’ हा शब्द आतल्या पानावर बारीक टायपात दडलेला असतो.

जुन्या प्रतींसाठी फोर्टात फ्लोरा फाउंटनजवळचे पदपथ आणि माटुंग्याचं किंग्ज सर्कल. वाशीहून फोर्टात जायला हार्बर लाइन थेट सीएसएमटीला नेते. ठाण्याहून माटुंग्याला स्लो लोकल. पावसाळ्यात तिथून पुस्तकं घेऊ नका, कारण ताडपत्रीखालचा ओलावा तुमच्या कपाटात येतो. कोरड्या दिवसांतही आणलेली प्रत दोन आठवडे झिपच्या पिशवीत वेगळी ठेवा आणि कसर दिसते का बघा.

मुखपृष्ठ बाहेरच्या बाजूला वळतं त्याचं कारण लॅमिनेशन, म्हणजे त्यावर चिकटवलेली प्लास्टिकची पातळ फिल्म. फिल्मची बाजू ओलावा घेत नाही, आतला कागद घेतो आणि पसरतो. ओल्या हवेत दाबून ठेवून उपयोग नाही, पुन्हा वळतंच. पावसाळा संपून हवा कोरडी झाली की दोन सपाट फळ्यांमध्ये आठवडाभर वजनाखाली ठेवा. चिकट प्लास्टिक किंवा पीव्हीसीचं कव्हर कधीच घालू नका, त्यातली रसायनं छपाईला चिकटतात. 50 मायक्रॉनचा पारदर्शक पॉलिएस्टर कागद कापून, आत दुमडून, पुस्तकाला टेप न लावता घालावा.

शेल्फ पावसाचा मारा झेलणाऱ्या आणि न्हाणीघराच्या भिंतीपासून दूर ठेवा. मागे 5 सेंटीमीटर जागा सोडा. 18 मिलिमीटर प्लायची फळी अडीच फुटांपेक्षा लांब घेतली तर मध्ये झुकते. दोन रांगा मागेपुढे लावू नका, मागची रांग हवेविना राहते. घट्ट बसणारा बॉक्स सेटही पावसाळ्यात खोक्याबाहेर काढून ठेवा. सिलिका जेलच्या पुड्या बंद कपाटातच उपयोगी. दाणे रंगाचे असतील तर रंग बदलताच बदला.

बुरशी आली तर ओल्या फडक्याने पुसू नका, ती कागदात खोल जाते. प्रत उभी करून पानं पंख्यासारखी उघडा आणि आधी पूर्ण कोरडी करा. मग मास्क लावून, सावलीत, बाल्कनीत मऊ ब्रशने कण्याकडून बाहेर झटका. तोपर्यंत शेजारच्या पुस्तकांना ती प्रत लावू नका, आणि रिकामी झालेली फळी स्पिरिटने पुसून वाळल्यावरच पुन्हा भरा.