पोऱ्या खेळतोय तेव्हाच दवाखान्यात न्या

चोपडा तालुक्यात आशा म्हणून घरोघर फिरते, तेव्हा एक वाक्य हटकून कानावर येतं. "ताई, पोऱ्या ते खेळी ऱ्हायना, मंग डाक्टर कसाले?" म्हणजे, पोरगा तर खेळतोय, मग डॉक्टर कशाला? माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. खेळतोय तेव्हाच त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. डॉक्टरांनी एकदा धडधाकट पाहिलेलं लेकरू आजारी पडलं, की त्याचं काय बिघडलंय ते त्यांना चटकन कळतं.

पैशांची धास्ती आधी काढून टाका. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत, म्हणजे आरोग्य केंद्रापासून उपजिल्हा रुग्णालयापर्यंत, केसपेपरचेसुद्धा पैसे नाहीत. केसपेपर काढावा मात्र लागतो. जळगाव, धुळे, नंदुरबारची मेडिकल कॉलेजची हॉस्पिटलं दुसऱ्या खात्याची, तिथले नियम वेगळे. तिकडे जायची वेळ आलीच तर आपल्या केंद्राची चिठ्ठी घेऊन जा.

ओळख लसीच्या निमित्ताने करा. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे डोस अंगणवाडीतही मिळतात, पण त्यातला एक तरी मुद्दाम केंद्रात जाऊन घ्या आणि लस टोचून लगेच परत फिरू नका. ओपीडीत डॉक्टरांना बाळ दाखवा. झबलं, टोपडं सगळं उतरवा, करगोटा राहू द्या. वजन करून कार्डावर लिहून घ्या. मनात जी शंका असेल ती तिथेच विचारा. दूध पुरतं का, मान कधी धरेल, टाळू अशी का उडते, हे विचारायला लाजायचं कारण नाही.

ते माता-बाल कार्ड जपा. माझ्या बहिणीचा मुलगा आठ महिन्यांचा असताना त्याला जुलाब लागले. तिने थेट बाजाराच्या गावी एका खासगी दवाखान्यात नेलं. आधीचं वजन किती, ते कुणालाच सांगता येईना, कारण कार्ड घरी पत्र्याच्या पेटीत. तीन दिवस सलाइन, आणि कापसाचे आलेले पैसे तिथेच गेले. ओआरएसची पाकिटं आणि झिंकच्या गोळ्या तेव्हा माझ्या पिशवीत होत्या. मला एक फोन आला असता तर पहिल्याच दिवशी पोचवल्या असत्या, याची हळहळ अजून जात नाही. झिंक १४ दिवस द्यायचं असतं, जुलाब थांबले तरी.

खोकला-सर्दीत एक गोष्ट घरीच करता येते, मी प्रत्येक आईला हात धरून शिकवते. बाळ शांत असताना किंवा झोपलेलं असताना अंगातलं वर करा आणि पोटाकडे बघा. पोट वर आलं की एक. मोबाईलवर पूर्ण एक मिनिट लावून मोजा, अर्ध्या मिनिटाची दुप्पट करू नका. बाळ रडत असेल तर थांबा, नाहीतर आकडा चुकतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास ६० किंवा जास्त, वर्षाच्या आत ५० किंवा जास्त, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त भरला, तर त्याच दिवशी डॉक्टर. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, दूध-पाणी पीत नसेल, सगळं ओकत असेल, झटका आला किंवा बाळ उठवूनही उठत नसेल, तर मोजत बसू नका. १०८ ला फोन करा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.

आरबीएसकेचं, म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं मुलं तपासणारं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, त्यात डॉक्टर असतात. त्या दिवशी बाळाला घेऊन शेतात जाऊ नका. हृदयाला छिद्र, वाकडं पाऊल, फाटलेला ओठ, उशिरा बोलणं, हे ते तपासतात. ऑपरेशन लागलं तर तेही मोफत होतं.

ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर निघालात, तर आधी मला सांगा. पुढचा डोस कधी ते मी कार्डावर पेनाने लिहून देते. कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डाबरोबर ठेवा, आणि ती पिशवी ट्रॅक्टरमध्ये भांड्यांच्या गाठोड्यात नको, तुमच्या हातात असू द्या.