बंद पडलेलं हेलिकॉप्टर टांगून केदारनाथवरून खाली आणायचं कसं

31 ऑगस्ट 2024 चा तो व्हिडिओ तुमच्याही व्हॉट्सअॅपवर आला असेल, वायुसेनेच्या एमआय-17 या मोठ्या हेलिकॉप्टरखाली लटकलेलं एक छोटं हेलिकॉप्टर सुटतं आणि थेट दरीत. मे महिन्यात बिघाड झाल्याने केदारनाथला अडकलेलं ते, दुरुस्तीसाठी खालच्या गौचर धावपट्टीवर न्यायचं होतं. वजन आणि वाऱ्याने तोल जायला लागला म्हणून थारू कॅम्पजवळ सोडावं लागलं असं प्रशासनाने सांगितलं, कुणाला इजा झाली नाही. ऑक्टोबर 2019 मध्ये असंच एक हेलिकॉप्टर तिथूनच डेहराडूनजवळ सहस्रधाराला नीट पोचवलं होतं. म्हणजे काम होतं, पण नाजूक आहे राव.

तर समजा तुम्ही क्रूमध्ये आहात.

पहिलं म्हणजे हिशोब. केदारनाथ साडेतीन हजार मीटरच्या वर, तिथली हवा समुद्रसपाटीच्या साधारण 70 टक्केच दाट, त्यामुळे खाली चार टन सहज उचलणारं मशीन वर तेवढं उचलेल हे डोक्यातून काढून टाका. स्वतःचं इंधन लागेल तेवढंच भरायचं, जास्तीचं सामान उतरवायचं, आणि उड्डाण सकाळी लवकर, कारण ऊन चढलं की दरीतून वारा वर यायला लागतो. खूपच जड माल असेल तर चिनूक हे आणखी मोठं हेलिकॉप्टर मागवा, त्याला पोटाखाली तीन हूक असतात, पुढच्या-मागच्या दोन्ही हुकांना बांधलं की माल गरगरत नाही. एमआय-17 ला एकच हूक, म्हणून मधे फिरकी लावायची म्हणजे माल फिरला तरी दोराला पीळ बसत नाही.

आता माल, म्हणजे ते बंद हेलिकॉप्टर, तयार करणं, खरं डोकं इथेच लागतं. पाती काढायचीच! ती राहिली तर वाऱ्यात स्वतःच उचल घेतात आणि खालचं हेलिकॉप्टर आपल्या मनाने उडायला बघतं. शेपटीचा पंखा बांधून टाका, इंधन काढा, बॅटरी काढा, दारं चिकटपट्टीने बंद. शेपटीला छोटं पॅराशूट लावलं तर नाक वाऱ्याकडे राहतं. स्लिंगचा, म्हणजे माल टांगायच्या दोरांचा, प्रत्येक पदर आणि शॅकल (जोडायची लोखंडी कडी) हाताने चाचपून बघायचा, लांबून बघून "ठीक आहे" म्हणायचं नाही.

हूक लावताना खालच्या माणसाने गॉगल, हेल्मेट, हातमोजे घालायचे आणि घाई अजिबात करायची नाही. हवेत फिरून मशीनच्या अंगात स्थिर वीज साठलेली असते, हूक आधी जमिनीत रोवलेल्या अर्थिंगच्या सळईला टेकवायचा आणि मगच हात लावायचा, नाहीतर असा झटका बसतो की माणूस मागे फेकला जातो.

पायलटला खालचं काही दिसत नसतं हे लक्षात ठेवा. फ्लाइट इंजिनिअर पालथा पडून खाली बघतो आणि सांगत राहतो, "दोन मीटर पुढे... एक मीटर डावीकडे... थांब... दोर ताणला... माल सुटला जमिनीवरून". विहिरीतून कळशी शेंदतो ना तसंच, दोर सरळ ताणल्याशिवाय वर ओढलं की कळशी भिंतीला आपटणारच. माल जरा वर आला की तिथेच हॉवर करून, म्हणजे हवेत एका जागी थांबून, पॉवर किती शिल्लक आहे बघायची, काटा शेवटाला टेकलेला असेल तर गुपचूप खाली ठेवून द्या, त्यात लाज कसली.

पुढे निघाल्यावर वेग हळूहळू वाढवायचा. झोका सुरू झाला की नवखा पायलट त्याच्यामागे कंट्रोलचा दांडा हलवत बसतो आणि नेमका तिथेच झोका वाढतो, कारण त्याची हालचाल उशिरा पोचते आणि झोक्याला अजून ढकलते. तर झोक्याचा पाठलाग सोडा, वेग कमी करा, हलकंसं वळण घ्या म्हणजे दोरावर ताण येऊन माल शांत होतो.

नाहीच झाला तर? सोडायचा. पण कुठे सोडायचा ते उडण्याआधी ठरलेलं पाहिजे. नकाशावर वस्ती, यात्रेची वाट, तंबू सगळं टाळून रस्ता आखायचा आणि प्रत्येक टप्प्याला मोकळी जागा कुठली ते क्रूमधल्या सगळ्यांना पाठ पाहिजे. सोडायचं बटण पायलटच्या बोटाखालीच असतं, कोणाचा शब्द अंतिम हेही आधीच बोलून घ्या, दरीच्या वर चर्चा करायला वेळ नसतो. लाखो-करोडोंचं लोखंड खाली गेलं म्हणून हळहळ वाटेल, वाटू दे, वरची माणसं घरी आली.

गौचरला पोचलात तर उतरवताना माल आधी टेकू द्या, दोर सैल पडू द्या, मग थोडं बाजूला सरकून हूक सोडा, नाहीतर स्लिंगचा जड लोखंडी भाग खाली ठेवलेल्या हेलिकॉप्टरच्याच काचेवर पडतो. आणि दोर खरंच सुटलाय हे इंजिनिअरने डोळ्यांनी बघून सांगितल्याशिवाय पुढे निघायचं नाही.