वांग्याच्या वावरातली शेतीशाळा : ती कशी घ्यायची

शेतीशाळेला, म्हणजे शेतकरी वावरात स्वतः पाहून-मोजून शिकतात त्या शाळेला, निघताना पिशवीत आधी ब्लेड टाका. भिंग, चार्टपेपर, स्केचपेन नंतर. वांग्याचा एखादा शेंडा मान टाकून उभा दिसला की सुकलेल्या भागाच्या बोटभर खालून तो कापा, ब्लेडने उभा चिरा आणि शेतकऱ्याच्या तळहातावर ठेवा. आत ओलसर भुसा असतो आणि त्यात शेंडे आणि फळं पोखरणारी गुलाबीसर अळी वळवळत असते. ती हातावर घेतलेला माणूस पुढचं सगळं कान देऊन ऐकतो.

मी चोपडा तालुक्यात तापीकाठच्या गावांत भाजीपाल्याच्या शेतीशाळा घेते. पहिल्या वर्षी समाजमंदिरात सतरंज्या टाकून, भिंतीवर चित्रं दाखवून मी तासभर बोलले. शेवटी एक बाबा उठून म्हणाले, "ताई, आम्हले काय फवारनं ते सांगी दे, बाकी र्‍हाऊ दे." त्यांचं काही चुकलं नव्हतं. तासभर मी उत्तरंच वाटत होते, मग त्यांनी कामाचं तेवढं एक मागून घेतलं. तेव्हापासून मी समाजमंदिरात शाळा घेतलेली नाही. शाळा वावरातच भरते.

शेतीशाळेची ही पद्धत 1989 साली इंडोनेशियात भातशेतीत सुरू झाली. तिथे तपकिरी तुडतुड्यावर औषधं मारता मारता त्याला खाणारे कोळी मेले आणि तुडतुडे उलट वाढले. हे शेतकऱ्यांना भाषणातून पटत नव्हतं, म्हणून त्यांना बांधावरून आत उतरवून मोजायला लावलं. आपल्या वांग्यातही दुखणं तेच आहे. पायरेथ्रॉइड गटातली औषधं सारखी मारली की मित्रकिडी, म्हणजे शत्रूकिडींना खाणारे किडे, जातात, मागून पांढरी माशी आणि लाल कोळी उसळतात, आणि माणूस दुकानात दुसरी बाटली आणायला जातो.

वीस-पंचवीस जणांपेक्षा मोठा गट घेऊ नका. त्यात बाया निम्म्या तरी हव्यात आणि यावर मी अडून बसते. पंप पुरुषाच्या पाठीवर असतो, पण तोडणी बाईच करते. किडकं वांगं आधी तिच्या हाताला लागतं आणि काल फवारलेल्या झाडात आज तिचेच हात असतात. म्हणून वेळ तिला विचारून ठरवा. आमच्याकडे सकाळी साडेसात ते साडेनऊ जमतं, मग ती मजुरीला जाऊ शकते. एकदा ठरलेला वार हंगामभर बदलू नका.

एकाच शेतकऱ्याचं वावर घेऊन त्याचे दोन भाग करा. बियाणं तेच, लागवडीचा दिवस तोच, ठिबकही तेच. एका भागात तो दरवर्षी करतो तसंच करील, तिथे आपण तोंड घालायचं नाही. दुसऱ्या भागात गट ठरवेल तसं होईल. फवारणी, मजुरी, तोडणीची पाटी असं सगळं दोन्हीकडचं वहीत लिहायचं, आणि वही गटातल्याच कुणाकडे ठेवायची.

रोपवाटिकेला एक बैठक पुरते: गादीवाफा, बियाण्याला ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी), वर बारीक जाळीचं नेट. मिरची-टोमॅटो घेणारे असतील तर नेटवर जरा जास्त थांबा, कारण पांढरी माशी आणि फुलकिडे रोपातूनच वावरात येतात. आणि ज्यांच्या शेजारी केळी आहे त्यांना एक गोष्ट आवर्जून सांगा. केळीवरचा कुकुंबर मोझॅक विषाणू मावा पसरवतो, आणि काकडी, मिरची, टोमॅटोवरही हा विषाणू जगतो. आपल्या पट्ट्यात यावरून बांधाबांधांवर भांडणं झाली आहेत. केळीत आंतरपीक म्हणून ही पिकं घालूच नयेत.

लागवडीनंतर शाळेचा खरा भाग सुरू होतो, तो म्हणजे मोजणी. पाच-पाच जणांचे गट करा. प्रत्येक गटाने वावरात तिरकं चालत जाऊन चार झाडं निवडायची, कडेची सोडून. झाडाजवळ आधी गप्प उभं राहायचं, कारण हात लावला की उडणारे उडून जातात. मग पानं उलटून पाहायची, शेंडे मोजायचे, सुकलेले वेगळे मोजायचे. सावलीत येऊन चार्टवर झाडाचं चित्र काढायचं: शत्रू लाल रंगात, मित्र हिरव्या रंगात. ज्याला लिहिता येत नाही त्याच्या हातात स्केचपेन द्या. तो फार नीट काढतो, कारण त्याने नीट पाहिलेलं असतं.

मागच्या हंगामातलं एक उदाहरण सांगते. पाच गटांची मिळून वीस झाडं, त्यावर 160 शेंडे, सुकलेले 5. म्हणजे शेकडा तीन. या अळीची नुकसानीची पातळी, म्हणजे जिच्यापुढे गेल्यावर औषधाचा विचार करायचा ती, साधारण शेकडा पाच धरतात. दोघे जण औषध आजच मारा म्हणत होते. मी काही बोलले नाही, आणि तिथे गप्प राहणं मला जड गेलं. मग तोडणीला जाणारी एक ताईच म्हणाली की अळी शेंड्याच्या आत आहे, वरून मारून तिला लागणार कसं? उत्तर निघालं ते तिथूनच. अंडी पानाच्या मागे असतात, अळी बाहेर पडली की थोड्याच वेळात शेंड्यात किंवा फळात शिरते, आणि शिरलेल्या अळीपर्यंत फवारा पोचत नाही. गटाने ठरवलं की शेंडे खुडायचे, गाडायचे, चार दिवसांनी पुन्हा मोजायचे. प्रश्न त्यांच्याकडून येईपर्यंत थांबायला शिका. प्रशिक्षकाला यापेक्षा अवघड काम नाही.

मादीच्या वासाच्या गोळीने नर पतंग ओढणारे कामगंध सापळे एकरी पाच, पिकाच्या वीतभर वर, लागवडीनंतर पंधरा-वीस दिवसांत लावा. गोळी वांग्याच्याच अळीची आहे ना, हे पुडीवर वाचून घ्या. बोंडअळीची गोळी वांग्यात टांगून महिनाभर वाट पाहणारे शेतकरी मी पाहिले आहेत. सापडलेले पतंग रोज एकाच माणसाने मोजावेत.

मित्रकिडी दाखवायला बरणी लागते. मावा असलेलं पान आणि ढालकिड्याची अळी बरणीत घाला, तोंडाला फडकं बांधा आणि एखाद्या घरी ठेवायला द्या. ढालकिड्याची अळी काळी, लांबट, सुसरीसारखी दिसते. बहुतेकांनी ती शत्रू समजून चिरडलेली असते. दुसऱ्या दिवशी त्या घरातली पोरंच सांगत येतात की तिने मावा खाल्ला. वांग्यात मात्र एक फसवणूक आहे, ती सोडून पुढे जाऊ नका. एपिलॅक्ना भुंगेरा ढालकिड्यासारखाच गोल आणि ठिपक्यांचा असतो, पण तो पान खरवडून जाळी करतो. त्याचा रंग मळकट असतो आणि अंगावर बारीक लव असते. मित्र ढालकिडा चकचकीत असतो. दोन्ही शेजारी ठेवून भिंगातून दाखवा. एकदा पाहिलं की कुणी चुकत नाही.

निंबोळी अर्क करून दाखवाच. सांगून कुणी करत नाही. जूनमध्ये झाडाखालच्या निंबोळ्या वेचून, गर काढून सावलीत वाळवलेल्या असाव्यात. पाच किलो भरड चुरा रात्रभर दहा लिटर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यातून दोनदा गाळा, त्यात 200 ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवा आणि पाणी घालून 100 लिटर करा. हा झाला पाच टक्के अर्क. फवारायचा त्याच दिवशी, उन्हं कलल्यावर, कारण उन्हात त्याचा असर लवकर जातो.

एक बैठक फक्त पंपाची ठेवा. पंपात साधं पाणी आणि लाल खाण्याचा रंग घाला. एका धडधाकट गड्याला पांढरा सदरा, पांढरा पायजमा घालून एक तास नेहमीसारखं फवारायला लावा. मग त्याला सगळ्यांसमोर उभा करा. मांड्या लाल, पोटऱ्या लाल, पाठीवर जिथे पंपाचं झाकण पाझरतं तिथे मोठा डाग. आमच्याकडे अशा एका गड्याची बायको तो सदरा हातात घेऊन बराच वेळ बघत होती. 2017 साली यवतमाळमध्ये फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली, ते इथे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी त्या सदऱ्याने जे समजलं ते बातम्यांनी समजलं नव्हतं. हातमोजे, मास्क, वाऱ्याची दिशा, बाटलीवरचा त्रिकोण, लाल सर्वांत जहाल आणि हिरवा सर्वांत सौम्य, हे त्याच दिवशी घ्या.

औषध मारावंच लागलं तर लेबलवर वांग्याचं नाव आहे का ते पाहायचं आणि फवारणीनंतर तोडणीआधी किती दिवस थांबायचं ते मोजायचं. वांग्यावर इमामेक्टिन बेंझोएटला 3 दिवस थांबायचं असतं, क्लोरँट्रानिलीप्रोलला 22. आपली तोडणी दर चार-पाच दिवसांनी. बावीस दिवसांत किती तोड्या येतात ते गटालाच मोजायला सांगा. दोन-तीन औषधं एकत्र कालवून मारायची सवय मोडायला वेळ लागतो. त्यासाठी वहीतला खर्चाचा रकाना मोठ्याने वाचून दाखवणं हा मला सापडलेला चांगला उपाय आहे.

शेवटची शाळा थंडीत, चंपाषष्ठीनंतर घ्या. 2016 साली जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं. ते वांगं आपण पाहुण्यांच्या पानात वाढतो, तर ते कसं पिकवलं हेही त्यांना सांगता यावं. दोन्ही भागांतली शंभर-शंभर वांगी तोडून किडकी वेगळी काढा, वही वाचा, आणि मग कपाशीच्या काड्यांवर भरीत भाजा. हिरवी मिरची, लसूण, कळण्याची भाकरी. कुणालाही जेवल्याशिवाय जाऊ देऊ नका.

जेवणानंतर एक काम राहतं आणि ते त्याच दिवशी ठरवून टाका: पीक निघाल्यावर वांग्याची झाडं कोण, कधी उपटणार. आपल्याकडे ती चुलीसाठी बांधावर रचून ठेवतात. त्या काड्यांत आणि पाल्यात कोष राहतात, आणि पतंग तिथून निघून शेजारच्या नव्या लागवडीवर जातात. जळणाला लागणाऱ्या काड्या घरी नेऊन आधी संपवा किंवा ताडपत्रीने कडेकडेने माती लावून झाका. उरलेल्या काड्या बारीक करून खड्ड्यात घाला, वर शेण-माती टाका. तारीख वहीत लिहा, आणि त्या तारखेला वावरात स्वतः जा.