जखमी हरणावर नेम धरण्याआधी : सीमाभागात कामाला येणाऱ्या नव्या पशुवैद्यांसाठी

पशुवैद्यकाची पदवी घेऊन खानापूर, हल्याळ, जोयडा या पट्ट्यात येणाऱ्या मुलामुलींना सगळ्यात जास्त ओढ असते ती डार्टच्या, म्हणजे लांबून भुलीची सुई मारण्याच्या, बंदुकीची. साहजिक आहे. पण जखमी हरणापाशी पोचल्यावर पहिल्यांदा ठरवायचं असतं ते डार्ट मारायचा की नाही, आणि बऱ्याच वेळा उत्तर ‘नाही’ असंच येतं. ते कसं ठरवायचं, हे मला कुणी एका बैठकीत शिकवलं नाही. म्हणून इथे लिहितो आहे.

आधी कायदा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दात नुसतं मारणं येत नाही. पकडणं, फासे लावणं, जखमी करणं हेही त्यातच येतं. त्यामुळे भुलीचा डार्टसुद्धा आपल्या मनाने मारता येत नाही. बोलावणं वनखात्याकडून आलं पाहिजे आणि मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पातळीवरची परवानगी हवी. बरं होण्यापलीकडे गेलेल्या जनावराला वेदनेतून सोडवण्याचा निर्णयही तिथूनच व्हावा लागतो. गावकऱ्यांनी कितीही गळ घातली तरी आरएफओ (वनक्षेत्रपाल) साहेबांना फोन झाल्याशिवाय पेटी उघडू नका.

भीमगड अभयारण्याच्या कडेची गावं, लोंढ्याकडचा रेल्वेमार्ग, जांबोटी-कणकुंबीचा रस्ता, इथे हरणं जखमी होतात ती गाडीच्या धडकेने, कुत्र्यांच्या टोळीने, कुंपणाच्या तारेने आणि डुकरासाठी लावलेल्या क्लचवायरच्या फाशाने. फासा डुकराचा असतो, पाय अडकतो चितळाचा किंवा भेकराचा. हा प्रकार मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो, कारण जनावर रात्रभर ओढ घेत राहतं आणि सकाळी आपण पोचेपर्यंत तार हाडापर्यंत रुतलेली असते.

आता नेमाविषयी. याबाबत मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते अमेरिकेतल्या धनुष्याने शिकार करणाऱ्यांच्या प्रशिक्षणातून. तिथल्या अनेक राज्यांत हरणांची अशी शिकार कायदेशीर आहे. आपल्याकडे ती गुन्हा आहे आणि तो असावा असंच माझं मत आहे. पण त्या प्रशिक्षणातला मोठा भाग बाण सोडू नये याबद्दलचा असतो. बाण गोळीसारखा धक्क्याने मारत नाही, आतून कापून रक्तस्रावाने मारतो. म्हणून तो छातीच्या पोकळीत, फुप्फुसं आणि हृदय असतात तिथेच बसला पाहिजे. हरीण पूर्ण आडवं उभं असेल, किंवा तोंड आपल्यापासून दूर करून किंचित तिरपं उभं असेल, तरच बाण सोडायचा. समोरून तोंड करून असेल, थेट पाठमोरं असेल, मध्ये फांदी असेल, मान वर करून कान टवकारले असतील, तर धनुष्य खाली घ्यायचं.

कान टवकारण्याचा मुद्दा नीट समजून घ्या. आधुनिक कंपाउंड धनुष्याचा बाण सेकंदाला साधारण ९० मीटर जातो, आवाज जातो ३४० मीटर. तीस मीटरवरच्या हरणाला दोरीचा आवाज बाणाच्या कितीतरी आधी ऐकू येतो. सावध हरीण उडी घेण्यासाठी आधी खाली दबतं, आणि बाण भलतीकडे लागतो. आपला डार्ट तर बाणापेक्षाही सावकाश जातो. म्हणून हरीण तुमच्याकडे रोखून बघत असताना डार्ट सोडू नका. त्याला मान खाली घालू दे, चार घास खाऊ दे.

नेमाची जागा मात्र नेमकी उलटी. शिकारी जिथे नेम धरतो, ती छाती आपल्याला पूर्ण वर्ज्य. डार्ट बसला पाहिजे मांडीच्या वरच्या जाड स्नायूत. पोट, बरगड्या, डोकं, मांडीखालचा हाडांचा भाग, यातलं काहीही नको. डार्ट पोटात गेला तर औषध भलत्याच ठिकाणी जातं आणि आतड्याला भोक पडतं. चरबीत गेला तर औषध चढत नाही, आणि मग दुसरा डार्ट मारण्याचा मोह होतो. भेकरासारख्या लहान हरणावर गॅसचा दाब जास्त ठेवला तर मांडीचं हाड मोडू शकतं. अंतर डोळ्याने मोजू नका, रेंजफाइंडर वापरा आणि दाब तक्त्यावरूनच लावा. जनावर आठ-दहा मीटरवर येऊ देत असेल तर फुंकनळी बंदुकीपेक्षा केव्हाही चांगली. आवाज नाही, मारही कमी.

फाशात अडकलेल्या भेकराला तर मी शक्यतो डार्ट मारतच नाही. जाळं टाकून, डोळ्यांवर जाड कापड टाकून दोन माणसं त्याला धरू शकतात. नराला सुळे असतात, ते हात फाडतात, एवढं लक्षात ठेवा. चितळाचा नर असेल तर शिंगांवर रबरी पाइपचे तुकडे चढवा. शिंगं मखमलीत असतील तर ती धरूच नका, रक्त येतं.

डार्ट मारूच नये अशा जागाही असतात. विहिरीच्या काठाशी, तळ्याजवळ, हायवेच्या बाजूला, रेल्वेच्या रुळाजवळ. औषध चढायला पाच ते पंधरा मिनिटं लागतात आणि तेवढ्यात अर्धं शुद्धीत असलेलं हरीण पाण्यात उतरतं किंवा रस्त्यावर येतं. दुपारच्या उन्हातही नको.

डार्ट लागल्यावर पळत मागे जाऊ नका. हे सांगणं सोपं आहे, पाळणं कठीण, कारण मागे अख्खा गाव उभा असतो आणि प्रत्येकाच्या हातात मोबाईल. गर्दीला मराठीत आणि कन्नडमध्ये शांतपणे सांगता आलं पाहिजे. कन्नड येत नसेल तर रुजू झाल्याबरोबर शिका. वनखात्याचे गार्ड आणि वॉचर यांच्याशी तुमचं निम्मं काम त्याच भाषेत होणार आहे. पाठलाग झालेल्या हरणाचे स्नायू आतून फुटायला लागतात, रक्तात आम्ल वाढतं, लघवी गडद तपकिरी होते. याला कॅप्चर मायोपॅथी म्हणतात. हरीण आज उठून पळतं आणि नंतर काही दिवसांनी मरतं. लोक म्हणतात, डॉक्टरांनी वाचवलं. डॉक्टरला मात्र ठाऊक असलं पाहिजे की गोष्ट अजून संपलेली नाही.

पाठलाग न करता शोध घ्यायला मात्र यायला हवं, आणि इथे पुन्हा धनुष्यवाल्यांचं ज्ञान उपयोगी पडतं. फेसाळ, उजळ लाल रक्त फुप्फुसाचं. काळपट लाल रक्त यकृताकडचं. हिरवट, घाण वास येणारा द्रव म्हणजे आतडं फुटलेलं. पाठ वाकवून सावकाश चालणारं हरीण दिसलं तर पोटाची जखम समजा. तिथले शिकारी पोटात बाण लागल्यावर कित्येक तास थांबतात, कारण त्रास दिला नाही तर असं हरीण जवळच बसतं. आपल्यालाही गाडीने धडक दिलेलं सांबर शोधताना हेच करावं लागतं : शेवटचा ठिपका जिथे दिसला तिथे खूण बांधा, एकच माणूस पुढे जाऊ दे. कणकुंबीकडचा पाऊस सुरू झाला की मात्र रक्ताचा माग टिकत नाही. तेव्हा वॉचरच्या डोळ्यांवर भरवसा ठेवा.

हरीण आडवं झालं की डोळे झाका, डोळ्यांत मलम घाला, त्याला छातीवर बसतं करा. रवंथ करणारं जनावर कुशीवर पडून राहिलं तर पोट फुगतं. मान उंच आणि नाक खाली ठेवा म्हणजे लाळ आणि वर आलेला चारा श्वासनलिकेत जाणार नाही. तापमान सतत बघा. ४१ अंश सेल्सिअसकडे जायला लागलं की बाकी सगळं सोडून पाणी मारा. तार कापल्यावर जखमेत बोट फिरवून बघा, एखादा पदर कातडीखाली राहिलेला असतो. झायलाझिन या भुलीच्या औषधाचा उतारा आधीच सिरिंजमध्ये भरलेला असू द्या. चुकलेला डार्ट शोधल्याशिवाय जागा सोडू नका, त्यात औषध असतं आणि तो गुराख्याच्या पोराच्या हाती लागू शकतो.

कामाला लागण्यापूर्वी रेबीजची आगाऊ लस घ्या, कुत्र्यांनी फाडलेली हरणं हाताळावी लागणार आहेत. पुढे शिकायचं असेल तर बरेलीच्या आयव्हीआरआय या पशुवैद्यक संशोधन संस्थेत वन्यजीवांच्या आरोग्याचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं. तोवर भुशाने भरलेलं पोतं हरणाच्या उंचीला टांगा, त्यावर मांडीचा भाग रंगवा, आणि डार्टमध्ये पाणी भरून वेगवेगळ्या कोनांतून सराव करा. सोबत एका जोडीदाराला उभं करा. त्याने मध्येच पोतं फिरवायचं, आणि कोन बिघडला की तुम्ही बंदूक खाली घ्यायची.