आधी रिकामी भिंत शूट करा

एडिटिंग शिकायला येणाऱ्या मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : सायकल पुढून जाते आणि मोठाली अक्षरं तिच्यामागे झाकली जातात, ते कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये करतात? सगळ्यांत होतं. आफ्टर इफेक्ट्समध्ये डिफरन्स मॅट आहे, दाविंची रिझॉल्व्हच्या फ्यूजनमध्ये डिफरन्स कीअर आहे, आणि ब्लेंडर फुकट असूनही त्यात डिफरन्स की मिळते. काम जमणार की फसणार हे मात्र कॅमेरा ट्रायपॉडवर असतानाच ठरतं.

रचना साधी आहे. सगळ्यात खाली रिकाम्या जागेचा शॉट, म्हणजे क्लीन प्लेट. त्यावर अक्षरं. त्यांच्यावर मूळ शॉट, पण त्यातली फक्त सायकल. ती वेगळी काढायची तर प्रत्येक फ्रेममधून रिकामा शॉट वजा करायचा; वरच्या नावांतलं 'डिफरन्स' म्हणजे हीच वजाबाकी. भिंत दोन्हींत सारखीच, म्हणून तिथे काळं उरतं. सायकल असते तिथे फरक दिसतो. त्या फरकातून जी काळी-पांढरी आकृती तयार होते, ती मॅट. हेच हाताने कापत बसलात तर २५ फ्रेमच्या हिशेबाने सहा सेकंदांना १५० फ्रेम होतात.

सरावाला मी पणजीतल्या फोंताईनश या जुन्या वस्तीतली पिवळी भिंत आणि समोरून जाणारा पोदेर, म्हणजे सायकलवरून पाव विकणारा, सुचवतो. तिथे माणसं राहतात, तेव्हा घरच्यांना आणि पोदेरालाही आधी विचारा. हा विषय मुद्दाम निवडलाय. सायकलच्या आऱ्यांमधून मागचं अक्षर दिसलं पाहिजे, आणि नीट घेतलेली क्लीन प्लेट ते दाखवते. आपोआप मास्क करणारी साधनं आता आली आहेत, पण बारीक आऱ्यांपाशी ती अनेकदा चाकाची सरसकट चकती करून टाकतात.

मांडवी नदीच्या काठावर मात्र हा प्रयोग नको. पाणी हलतं, माडांची झावळं हलतात, आणि वजाबाकीत ते सगळं 'वस्तू' म्हणून वर येतं. पुलावरही नको, बस गेली की ट्रायपॉड थरथरतो. पांढऱ्या चॅपेलसमोरून पांढरी गाडी गेली तर फरकच उरत नाही, गाडीला भोकं पडतात.

कॅमेऱ्यावरचं सगळं ऑटो बंद करा : एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स, फोकस, आयएसओ, आणि लेन्सचं किंवा बॉडीचं स्टॅबिलायझेशनसुद्धा. पोदेर फ्रेममध्ये शिरला आणि कॅमेऱ्याने स्वतःहून उजेड जुळवला, तर अख्खी भिंत बदलते आणि वजाबाकीला अर्थ राहत नाही. २५ फ्रेमला शटर १/५०. रिकामी भिंत विषय येण्याआधी दहा-पंधरा सेकंद घ्या आणि तो गेल्यावर पुन्हा तेवढीच. मधल्या वेळात ऊन सरकलं तर जवळची प्लेट वापरता येते. पावसाळ्यातला एकसारखा ढगाळ उजेड यासाठी उत्तम. ऊन-सावलीचा लपंडाव चालू असेल तर थांबा.

प्लेट म्हणून एकच फ्रेम उचलू नका. प्रत्येक फ्रेममध्ये नॉइज, म्हणजे चित्रातले बारीक दाणे, वेगळा असतो. १६ फ्रेमची सरासरी काढली की प्लेटमधला नॉइज साधारण एक चतुर्थांश होतो आणि मॅट स्वच्छ येते. रस्ता कधीच रिकामा मिळत नसेल, तर दूरदूरच्या अनेक फ्रेमचा मध्यक (मीडियन) घ्या, म्हणजे प्रत्येक जागेच्या किमती क्रमाने लावून मधली. प्रत्येक जागा निम्म्याहून जास्त फ्रेममध्ये मोकळी असेल तर माणसं आपोआप गायब होतात.

खरी मेहनत कडांवर आहे. धावत्या चाकाची कड धूसर असते, तिच्यात भिंतीचा पिवळा रंग मिसळलेला असतो. मागे गडद निळं अक्षर आलं की तो पिवळा किनारीसारखा चमकतो. मॅट एखादा पिक्सेल आत ओढून थोडं भागतं. मला त्याहून पटलेला उपाय म्हणजे अक्षरांचा लेयर मल्टिप्लायवर (खालच्या चित्राशी गुणून ते गडद करणाऱ्या मोडवर) ठेवणं आणि रंग भिंतीच्याच घराण्यातला, जरा गडद घेणं. गिलाव्याचा खडबडीतपणा अक्षरांतून दिसतो, अक्षरं भिंतीवर रंगवल्यासारखी वाटतात आणि किनार जवळजवळ लपते. सावली विसरू नका. चालू शॉटला क्लीन प्लेटने भागलं की सावली वेगळी मिळते. ती अक्षरांवर मल्टिप्लाय करा. सावली अक्षरांवरून सरकली नाही, तर प्रेक्षकाला कारण कळत नाही, पण काहीतरी खटकतंच.

देवनागरीचा यात एक फायदा आहे. शिरोरेषा ही लांब सरळ रेघ. कॅमेरा किंचित हलला तरी भिंतीवरच्या गिलाव्याच्या रेषेशी ती लगेच जुळेनाशी होते. म्हणून जाड ठशाचा फॉन्ट घ्या आणि आधी शिरोरेषेकडे बघा. एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये वेलांटी भलत्याच बाजूला बसली किंवा जोडाक्षर फुटलं, तर शब्द इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहून पारदर्शक पीएनजी आणा.

नोव्हेंबरात इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाला पणजी सिनेमामय होते, २००४ पासून तो इथेच भरतो. पण नवख्याला वर्षभर काम मिळतं ते लग्नं, जत्रा आणि हॉटेलांच्या जाहिरातींत. तिथे नमुना दाखवताना फक्त तयार क्लिप देऊ नका. मूळ शॉट, क्लीन प्लेट, मॅट आणि शेवटचा निकाल, या क्रमाने दाखवा. जाणकार माणूस मॅटवर थांबतो आणि चाकाच्या आऱ्या मोकळ्या आहेत का ते बघतो.