संकेतस्थळावरील छायाचित्रांचे रंग सर्व संगणकांवर सारखे कसे ठेवावेत

येवल्याच्या पैठणीचे छायाचित्र एका संगणकावर गर्द जांभळे आणि दुसऱ्यावर निळसर दिसते, तेव्हा छायाचित्र तयार करणाऱ्याचा मॉनिटर चुकीचा असतो, फाइलमधील आकड्यांचा अर्थ ब्राउझरला कळत नाही, किंवा पाहणाऱ्याचा पडदाच निराळा असतो. यांपैकी पहिली दोन कारणे आपल्या हातातली आहेत.

प्रथम स्वतःचा मॉनिटर तपासावा. नाइट लाइट (रात्री पडदा पिवळसर करणारी सोय) बंद करून, पडदा अर्धा तास तापू देऊन, कॅलिब्रेटरच्या (पडद्याचे रंग मोजून जुळवणाऱ्या उपकरणाच्या) साहाय्याने पांढरा रंग ६५०० केल्विन, गॅमा (मधल्या छटा किती उजळ दिसाव्यात हे ठरवणारा आकडा) २.२ आणि उजळपणा चौरस मीटरला ८० ते १२० कँडेला असा ठरवावा. नवे मॉनिटर बहुधा याहून बरेच उजळ असतात. अशा पडद्यावर डोळ्यांना बरे वाटेपर्यंत मंद केलेले छायाचित्र इतरत्र काळवंडलेले दिसते. मॅकसाठी छायाचित्रे वेगळी करण्याचा जुना सल्ला आता विसरावा, कारण मॅकचा १.८ हा गॅमा २००९ मध्येच २.२ झाला.

खरी काळजी फाइलची घ्यायला हवी. एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९६ मध्ये मांडलेली एसआरजीबी ही रंगव्यवस्था आजही वेबचा पाया आहे. म्हणून अडोबी आरजीबी या अधिक विस्तृत रंगव्यवस्थेतील छायाचित्र तसेच चढवू नये, कारण त्याचे प्रोफाइल (रंगांच्या आकड्यांचा अर्थ सांगणारी फाइलमधील नोंद) गळाले तर रंग फिकट पडतात. संपादन संपल्यावर संपादनाच्या सॉफ्टवेअरमधील ‘कन्व्हर्ट टू प्रोफाइल’ ही आज्ञा वापरून ते एसआरजीबीत आणावे. ‘असाइन प्रोफाइल’ वापरू नये: त्यात आकडे तेच राहून त्यांचा अर्थ तेवढा बदलतो आणि रंग सरकतात. निर्यात करताना प्रोफाइल फाइलमध्ये समाविष्ट करावे. त्यासाठी लागणारे सुमारे तीन किलोबाइट वाचवण्यात काही शहाणपण नाही, कारण विस्तृत रंगक्षमतेच्या पडद्यावर प्रोफाइल नसलेले छायाचित्र काही ब्राउझरांत भडक दिसू शकते. फाइल लहान करणारी अनेक साधने हे प्रोफाइल न सांगता काढून टाकतात. म्हणून चढवलेले छायाचित्र संकेतस्थळावरून पुन्हा उतरवून प्रोफाइल शिल्लक आहे का, हे अवश्य पाहावे.

पाहणाऱ्याच्या पडद्यासाठी पानावर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत जाणारी करड्या छटांची पट्टी द्यावी आणि टोकाच्या छटा एकमेकींपासून वेगळ्या ओळखू येईपर्यंत उजळपणा जुळवून घेण्यास सुचवावे. कापडासारख्या वस्तूंच्या बाबतीत रंगाचे नाव शब्दांतही लिहावे.