संक्रांतीनंतर मोगऱ्याचं पाणी तोडा

माझं माहेर वसईकडचं. पहाटे मोगऱ्याच्या कळ्या खुडायच्या आणि दादरच्या फूलबाजारात पाठवायच्या, हे लहानपणापासून पाहत आले. तरी पुण्यात गच्चीवर लावलेल्या माझ्या बटमोगऱ्याला तीन वर्षं जेमतेम पाच-सात फुलं आली. पानं मात्र हिरवीगार. एकदा आत्या आली, कुंडीत बोट खुपसून म्हणाली, "अगं, बारा महिने पाणी, बारा महिने खत! हा कशाला फुलेल?"

तेव्हापासून संक्रांत झाली की मी पाणी तोडते. कुंडीला आठ-दहा दिवसांचा ताण पुरतो. जमिनीतल्या झाडाला दोन-तीन आठवडे लागतात. पानं मलूल होऊन लोंबायला हवीत, पण काडी वाळता कामा नये. नखाने साल जराशी खरवडून बघा, आत हिरवं दिसलं पाहिजे.

मग छाटणी. मोगऱ्याची कळी नव्या फुटव्याच्या टोकाला येते, म्हणून जुन्या फांद्या राखण्यात काही अर्थ नाही. वाळक्या आणि बारीक काड्या बुडातून काढायच्या, उरलेल्या साधारण निम्म्यावर आणायच्या, पानांच्या जोडीच्या जरा वर काप घ्यायचा. राहिलेली पानंही हाताने काढून टाकायची. पहिल्या वर्षी सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, हातात धरून मी कितीतरी वेळ नुसती उभी होते. नुसत्या काड्या उरल्या तेव्हा रडूच आलं. मार्चच्या मध्याला त्याच काड्यांवर इतक्या कळ्या आल्या की रोज एक गजरा होई.

छाटल्यावर वरची दोन इंच माती उकरून दोन ओंजळी गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड मिसळते, आणि मग कुंडीच्या भोकातून निथळेपर्यंत पाणी. युरिया घालू नका, नुसता पाला माजतो. पहिला बहर ओसरला की फुलून गेलेली टोकं दोन पेरं खाली खुडा. पुन्हा फुटवे येतात, पुन्हा कळ्या. पाऊस लागेपर्यंत हे चालतं.

ऊन पाच-सहा तास हवंच. सावलीतल्या कुंडीवर बाकी कितीही मेहनत घेतली तरी ती वाया जाते. उन्हाळ्यात पाणी रोज.

आमच्याकडे बोअरचं जड पाणी येतं, त्यामुळे कोवळी पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहायच्या. ही लोहाची कमतरता. चिलेटेड लोह (झाडाला सहज शोषता येतं असं लोह), लिटरला एक ग्रॅम, पानांवर फवारल्यावर नवी पानं नीट आली. कळ्या जांभळट होऊन गळत असतील तर आत अळी आहे. त्या वेचून नष्ट करा आणि संध्याकाळी कडुनिंबाचं तेल, लिटरला पाच मिली, थोडा साबण मिसळून फवारा.

नवं रोप करायचं तर पावसाळ्यात. मी दाब कलम करते: लांब फांदी वाकवायची, एका पेराखाली साल खरवडायची, तो भाग शेजारच्या कुंडीतल्या मातीत दाबून वर दगड ठेवायचा. दीड-दोन महिन्यांनी हलकेच ओढून पाहा. हाताला अडकली, तर मुळं धरली. मग ती मुख्य झाडापासून कापून वेगळी करा.